सायमनच्या आईला न सांगितलेलं

रूबेनकाका, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. तुमच्यात तर घरच्यांनी सात दिवस खाली बसायचं आणि भेटायला आलेल्यांनी आपणहून बोलायला सुरुवात करायची नाही, अशी शिस्त आहे. ती मी पाळली. तुमच्या लेकीसमोर, ओरलीसमोर, तिने तोंड उघडेपर्यंत गप्प बसले. आरशांवर चादरी टाकलेल्या, ती बुटक्या स्टुलावर, आणि तुमची ती खिडकीजवळची खुर्ची रिकामी. मला तिथे धड बसवतही नव्हतं आणि उठवतही नव्हतं. आता दोन मजले चढून घरी आले आहे, तर इथेही तेच चाललंय. उठते, ओट्यावरून फडकं फिरवते, पुन्हा बसते. म्हटलं, एकदाचं तुमच्याशीच बोलून घ्यावं.

आपली ओळख इथे सिंगापुरात, हौगांगच्या मार्केटात मासळीच्या गाळ्यावर झाली, हे सांगितल्यावर ओरली इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मी पापलेट हातात धरून पुटपुटत होते, की या मेल्याने शिळा माल नेमका माझ्यासाठी काढून ठेवलाय. इथे मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मी बऱ्याच लोकांचा उद्धार करत असते. मागून आवाज आला, "बाय, कल्ले बघ. डोळ्यांवर जाऊ नको." वळून बघते तर अर्ध्या पँटीतला, सावळा, सडपातळ म्हातारा. वाटलं अलिबागकडचे कुणीतरी, मुलाकडे आले असतील. तुम्ही अलिबागकडचेच निघालात, रेवदंड्याचे. फक्त दहाव्या वर्षी आईबापांबरोबर बोटीत बसून इस्राएलला गेलेले, आणि म्हातारपणी लेकीच्या नोकरीपायी सिंगापुरात आलेले. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नागपूरच्या बौद्ध घरातली मुलगी तुम्हीही पाहिली नव्हती. दोघांनी एकमेकांना अगदी निरखून बघितलं आणि मग तुम्ही माझ्यासाठी पापलेट निवडून दिलंत.

तुमची मराठी दहाव्या वर्षी थांबलेली होती, काका. तिचं मला भारी कौतुक. सत्तरीला टेकलेला माणूस 'विजार' म्हणायचा, 'दौत' म्हणायचा, राग आला की 'कट्टी' म्हणायचा. कर्ज, निवडणूक, संधिवात यांना तुमच्याकडे मराठी शब्दच नव्हते, कारण दहा वर्षांच्या मुलाला ते लागत नाहीत. युद्धालाही नव्हते. इस्राएलच्या त्र्याहत्तरच्या लढाईबद्दल तुम्ही मला जे काही सांगितलंत ते सगळं त्या रेवदंड्याच्या पोराच्या भाषेत. रणगाडा तुम्हाला ठाऊक नव्हता, तुम्ही 'लोखंडाची गाडी' म्हणायचात. मला आधी हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

माझे बाबा नागपुरात गेले तेव्हा विमानं बंद होती. अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. मिलिंद आणि सुमेध दोघंही गांगरले होते, नवऱ्याला आणि मुलाला माझ्याशी काय बोलावं कळेना. तुम्ही मास्क लावून वर आलात, चप्पल काढलीत आणि सरळ जमिनीवर बसलात. म्हणालात, आमच्यात सात दिवस खाली बसतात, तू एकटी कशी बसशील? आणि रोज येत राहिलात. बोलायचा नाहीत. माझ्या हातचा काळा चहा घ्यायचात, माझ्या भांड्यातला, तुमच्या धर्मात चालतो की नाही याची पंचाईत न करता. विचारलं तर म्हणायचात, देवाला एवढं लांबचं दिसत नाही. त्या दिवसांत मला कुणी सावरलं असेल तर ते तुम्ही, हे मी तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही. आपल्याकडे असलं तोंडावर बोलत नाहीत. आता म्हणते.

तुमची एक खोड होती. समोरच्याचं बोलणं संपलं की तुम्ही एक श्वास थांबायचात आणि मग बोलायचात. मी माझ्या स्वभावाप्रमाणे एकामागून एक तोफा डागत असायची, तेव्हा तुम्ही हात वर करून म्हणायचात, "बटण सोड, बाय." रेडिओवर बोलताना बटण दाबून धरावं लागतं, आणि जोवर ते दाबलेलं आहे तोवर दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, हे तुम्ही मला ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर बाकावर बसून समजावून सांगितलंत. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही पायदळात होतात, सगळ्यांना सक्तीने जावं लागतं तसे गेलेले. पाठीवर रेडिओचा पेटारा आणि त्याच्या जादा बॅटऱ्या. अधिकाऱ्याच्या मागे एका हाताच्या अंतरावर चालायचं, कारण बोलायच्या यंत्राची वायर तेवढीच लांब. "दावणीचा बैल," तुम्ही म्हणायचात. उंच काडी, म्हणजे अँटेना, दिसली की समोरचे आधी तिच्यावर नेम धरतात, कारण तिच्या शेजारीच अधिकारी असतो. किनाऱ्यावर गळ टाकून बसलेल्यांच्या लांब काठ्यांपाशी आलो की तुम्ही नकळत अंतर राखून चालायचात. मी ते पाहिलं होतं, पण विचारलं नाही.

सायमनची गोष्ट मात्र तुम्ही आपणहून सांगितलीत. दुसऱ्या तुकडीचा रेडिओवाला. तुम्ही त्याला कधी पाहिलंच नाहीत, फक्त ऐकलंत. त्याच्या हिब्रूतला हेल कानावर पडला आणि तुम्ही ओळखलंत, हा आपल्याकडचा. एकदा कामाचं बोलणं संपल्यावर धीर करून विचारलंत, "जेवलास का?"  पलीकडून उत्तर आलं, "नाय रे. तू?" तो अलिबागजवळच्या नवगावचा. वाळवंटात, युद्धाच्या तोंडावर, दोन कोकणी पोरं रेडिओच्या सरकारी लाटेवर जेवणाखाण्याच्या चौकशा करतायत म्हणून वरच्या रेडिओवाल्याने दोघांना फैलावर घेतलं. पण तुमचा अधिकारी हुशार निघाला. शत्रूचे लोक रेडिओवरचं हिब्रू चोरून ऐकत होते, त्यांना ते कळत होतं. मराठी कुणाच्या बापाला कळणार? त्याने तुम्हा दोघांना कामाला लावलं. तुमच्यात नवस फेडताना मलिद्याचं ताट करतात, तेच तुम्ही वापरलंत. पोहे म्हणजे गोळ्या, खजूर म्हणजे पाणी, खोबरं म्हणजे जखमी माणसं. पहिल्या दिवशी पोह्यांबद्दल बोलणं व्हायचं. नंतर नंतर फक्त खोबऱ्याबद्दल.

सुमेधला हा भाग फार आवडायचा. "सो कूल, अंकल," असं म्हणायचा आणि मी त्याच्याकडे डोळे वटारायची. तुम्हीही कूल म्हटल्यावर हसायचा नाहीत, तेवढं बरं होतं.

सायमन कसा गेला ते तुम्ही मला एकटीला सांगितलंत, तेही अर्धंच. त्यांच्या जागेवर भर दुपारी मारा झाला, बाकी कुणी उरलं नाही, आणि तो रेडिओ चालू ठेवून बराच वेळ बोलत राहिला. मराठीत. कितीतरी तुकड्यांना ते ऐकू जात होतं आणि कळत होतं ते एकट्या तुम्हाला. युद्ध थांबल्यावर तुम्ही त्याच्या घरी गेलात. त्याची आई नऊवारीत, तुमच्याहून कमी हिब्रू येणारी, जमिनीवर बसलेली. तिने तुमचा हात धरून विचारलं, माझा सायमन शेवटी काय बोलला? आणि तुम्ही सांगितलंत, काही नाही, आई, लगेच गेला.

यावरून आपण किती भांडलो, काका. मी म्हणायची, आईला कळायला हवं. कितीही वाईट असो, ते तिचं आहे. तुम्ही म्हणायचात, तू आई आहेस म्हणून तुला तसं वाटतं. मी म्हणायची, मग तीही आईच होती ना. त्यावर तुम्ही श्वासभर थांबायचात आणि बाकावरून उठून चालायला लागायचात. तो काय बोलला ते मी अनेकदा, आडून आणि थेट, विचारलं. तुम्ही समुद्राकडे बघत बसायचात. इस्राएलच्या बातम्यांवरूनही आपलं वाजायचं. सीमेपलीकडच्या लहान मुलांची प्रेतं टीव्हीवर बघून मी एकदा फार तोडून बोलले. तुमचा नातू तिकडे वर्दीत, त्याला तुम्ही फोनवर काय सांगता, असंही विचारलं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, की समोरच्या बाजूलाही कुणीतरी पेटारा पाठीवर घेऊन पळत होतं, तोही एकोणिसाचाच असणार. हे पुरेसं उत्तर नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आणि मग सुमेधची पाळी आली. इथे पीआर, म्हणजे कायमचा रहिवास, असलेल्यांच्या मुलांना अठरा झाले की एनएसला, म्हणजे सक्तीने सैन्यात, जावंच लागतं, हे काही आम्हाला अचानक कळलं नव्हतं. पण मूल तीन वर्षांचं असताना अठरा फार लांब वाटतं. मिलिंदचं म्हणणं सरळ, इथे वाढला, इथलं खाल्लं, मित्र जातायत तसा तोही जाईल. सुमेधचं तर त्याहून सरळ. "एव्हरीबडी गोज, आई. इट्स जस्ट एनएस, लाह." इथे युद्ध कुठे आहे, असं दोघं मला विचारायचे. युद्ध नाही तर पोरांना बंदूक कशाला शिकवतात, असं मी त्यांना विचारायची. पीआर सोडायची, पुण्यात कॉलेजला प्रवेश घ्यायचा, उद्या इथे नोकरीला आडकाठी आली तर आली, असा माझा बेत होता. सुमेध ऐकेना. त्याला रेडिओवर जायचं होतं, तुमच्यासारखं, आणि हे खूळ तुमच्यामुळेच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. म्हणून मी तुमच्याकडे आले. पोह्या-खजुराची गंमत त्याला सांगितलीत, आता उरलेलंही सांगा, म्हटलं. सायमन काय बोलला ते सांगा. ऐकलं की पोरगं घाबरेल आणि घरी बसेल.

तुम्ही एवढ्या ठामपणे नाही म्हणाल असं वाटलं नव्हतं. "ते माझं नाय, बाय. त्याच्या आईचं आहे. तिचं तिला दिलं नाय, आणि तुझ्या पोराला भेडसवायला वापरू?"

मग निदान जाऊ नको एवढं तरी सांगा, मी म्हणाले. तेही नाही. जा म्हणणार नाही आणि जाऊ नको म्हणणार नाही, त्याचं त्याने ठरवावं, असं म्हणून तुम्ही चहाचा कप विसळायला उठलात. मला इतका संताप आला की मी चपला हातात घेऊनच बाहेर पडले. तुमच्या एका शब्दावर माझं पोर थांबलं असतं, आणि तो शब्द तुम्ही घट्ट मुठीत धरून ठेवलात. त्यानंतर लिफ्टमध्ये तुम्ही दिसाल म्हणून मी जिन्याने जायला लागले. मार्केटात लांबून तुमची टोपी दिसली की आधी भाजीकडे वळायचं. मनात हिशेब हाच, की म्हातारा कधीतरी आपणहून येईल, कट्टी सोडायला. तुम्ही आला नाहीत. एका सकाळी ओरलीचा फोन आला की तुम्ही झोपेतून उठला नाहीत.

तुमच्यात वेळ दवडत नाहीत. दुसऱ्याच दिवशी पार पश्चिमेकडच्या त्या दफनभूमीत तुमच्यावर माती घालून आम्ही परतलो. तुमच्या प्रार्थनेला दहा माणसं लागतात. ती तुमच्या लोकांतली जमली होती. मिलिंद आणि सुमेध मागे उभे होते. मी डोळे कोरडे ठेवून उभी होते, कारण भांडण अर्धवट टाकून निघून जाणाऱ्या माणसासाठी रडायचं तरी कसं.

परवा संध्याकाळी तुमच्याकडून निघालो ते दूध आणायला आधी खाली उतरलो. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, जिथे म्हातारे सोंगट्या खेळत बसतात, तिथे सुमेध थांबला. वर जायच्या आधी बोलायचंय म्हणाला. म्हणाला, अंकलनी मला सांगितलंय. सगळं. ते जायच्या आधीच्या आठवड्यात.

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. ते कधी सांगणार नव्हते. तो म्हणाला, घाबरवायला नाही सांगणार म्हणाले होते. मी वेगळंच विचारलं. मी विचारलं, ट्रेनिंगमध्ये, नाहीतर कधीही, माझ्या शेजारचा मुलगा मरायला लागला आणि मला काय करायचं ते सुचलंच नाही, तर? या पोराला हीच भीती होती, काका. मरायची नव्हती. ती त्याने मला सांगितली नाही, बापाला सांगितली नाही. तुमच्याकडे आला.

मग त्याने मला तुमचं सांगणं सांगितलं. आमचं पोर मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारं. पण ती दोन वाक्यं त्याने मराठीत म्हटली, तुमच्या हेलात. सायमन सारखं एकच म्हणत होता, "आये, काळोख झाला. दिवा लाव ना." वर रणरणतं ऊन, आणि त्याला काही दिसत नव्हतं. वरचा रेडिओवाला ओरडत होता, लाट मोकळी सोडा. तुमचा अधिकारी विचारत होता, काय मागतोय तो? तुम्ही त्याला सांगितलं नाहीत. सायमनने बटण सोडायची वाट पाहिलीत, आणि मग तुम्ही, एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याची आई होऊन बोललात. "लावला रे, बाळा. हाय मी इथंच." तो पुन्हा म्हणाला, तुम्ही पुन्हा म्हणालात. त्याचा आवाज बंद झाल्यावरही तुम्ही बराच वेळ म्हणत राहिलात.

"ही सेड, जस्ट आन्सर," सुमेध म्हणाला. काही सुचलं नाही तरी चालेल. तो ज्याला हाक मारतोय ते माणूस तिथे नसेल, तर तू ते माणूस हो. मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आय कॅन डू दॅट, आई." त्याचं जायचं पक्कं झालं होतं, ते मला त्याच्या उभं राहण्यातच दिसलं.  त्याचा हात धरून लिफ्टपर्यंत चालत गेले, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही.

तेव्हापासून मी ही अशी घरभर फिरते आहे. राग गेला नाही म्हटलं ते खरंच. फक्त त्याचं कारण बदललं आहे. मला वाटलं होतं, सायमन काहीतरी भयंकर बोलला असेल, म्हणून तुम्ही लपवलंत. तसं नव्हतं. तुम्हाला लाज वाटत होती. त्या बाईंची जागा आपण घेतली, तिच्या मुलाची शेवटची हाक आपण तिच्या नावाने घेऊन टाकली, असं तुम्हाला वाटत राहिलं. म्हणून तिच्यासमोर बसून तुम्हाला तोंड उघडवेना.

त्या आता नसतील. त्यांचं नावही तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. पण मीही आई आहे, म्हणून त्यांच्या वतीने बोलायचा आगाऊपणा करते. काका, तुम्ही चुकलात. सांगायला हवं होतं. त्यांचं तुम्ही काहीही घेतलं नव्हतंत. आपलं लेकरू परक्या वाळूत पडून हाका मारत होतं आणि कुणीतरी त्याला आपल्या भाषेत ओ देत होतं, शेवटपर्यंत देत होतं, हे त्या बाईंना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला उराशी धरलं असतं. त्या जन्मभर 'लगेच गेला' एवढ्यावर राहिल्या, आणि तुम्ही जन्मभर त्यांच्यासमोर मान खाली घालून. दोघांचंही नुकसान झालं. हे मला तुम्हाला समोर बसवून, तुम्ही हात वर केलात तरी न थांबता, सांगायचं होतं.

मंगळवारी सुमेधला टेकाँग बेटावरच्या सैन्याच्या छावणीत जाणाऱ्या बोटीवर घेऊन जायचं आहे. त्या बेटावर आईबापांनाही नेतात म्हणे, पोरं कुठे झोपणार, काय खाणार ते दाखवतात, त्यांच्याबरोबर जेवू देतात आणि मग बोटीने परत आणून सोडतात. मी जाणार आहे. त्याच्यासमोर रडणार नाही, असं मिलिंदला कबूल केलं आहे. शेजारच्या खाटेवर कुणाचा मुलगा असेल, चिनी, मलय, तमिळ, कोण जाणे. त्याने कधी काळोखात आईला हाक मारली तर माझा मुलगा ओ देईल, एवढं तुम्ही त्याला शिकवून ठेवलंत, आणि त्यासाठी तुमच्या पायावर डोकं ठेवायला हवं. पण माझ्या मुलाने मराठीत हाक मारली तर तिथे ती कुणाला कळेल, काका, हे न सांगताच तुम्ही निघून गेलात.